गोलगोल-मीमांसा : सामाईक इंटरनेटमधील विलंब व वाटणी यांचा पुणे शहरापुरता विचार

पुण्यात कोणत्याही घरी ‘नेट कसं आहे?’ असे विचारले की दोन उत्तरे मिळतात. एक, ‘आमच्याकडे शंभर एमबीपीएस आहे.’ दुसरे, ‘सारखं गोल गोल फिरतं.’ बहुधा ही दोन्ही उत्तरे एकच गृहस्थ एका दमात देतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. शंभर एमबीपीएस असूनही गोल का फिरावे, आणि फिरायचेच असेल तर घरातल्या नेमक्या कोणासमोर फिरावे, या दोन प्रश्नांचा ऊहापोह येथे करावयाचा आहे. पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा वाटतो, पण तो रांगेचा आहे. दुसरा रांगेचा वाटतो, पण तो वाटणीचा, म्हणजे दिवाणी स्वरूपाचा आहे.

आरंभी विषयाची हद्द आखून घेऊ. वाड्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय का जात नाही, राउटर नेहमी मुख्य दाराच्या वरच्या कोपऱ्यातच का लटकतो (केबल आणणाऱ्या मुलाने भोक तिथे पाडले म्हणून), फांदीवरून विजेच्या खांबावर आणि खांबावरून गच्चीत जाणाऱ्या काळ्या वायरींची मालकी कोणाची, हे स्वतंत्र ग्रंथांचे विषय आहेत. दुपारी एक ते चार या कालखंडावर मराठीत आधीच पुरेसे वाङ्मय आहे. त्यात भर घालण्याचा मोह आवरला आहे.

नमुन्यादाखल एक कुटुंब घेतले आहे. ते पेठेतून धायरीला गेलेले, तीन पिढ्यांचे आणि एका कनेक्शनचे आहे. कनेक्शन खाली येण्यासाठी शंभर, वर जाण्यासाठी दहा. आजोबा रोज रात्री न्यू जर्सीतल्या लेकीशी व्हिडिओवर बोलतात. आजी कीर्तन ऐकतात. मुलगा हिंजवडीतल्या कंपनीचे काम जेवणाच्या टेबलावरून करतो. सुनेचा फोन दिवसभराचे फोटो रात्री कोणाला न सांगता ‘वर’ पाठवतो. नात गेम खेळते आणि घरात ‘पिंग’ हा शब्द फक्त तिला येतो. असे कुटुंब कुठे असते, अशी शंका ज्याला येईल त्याने स्वतःच्या घरात डोकावावे.

आता पूर्वपक्ष. अमेरिका लांब आहे म्हणून उशीर लागतो, हे आजोबांचे मत. ट्रंक कॉलच्या काळात वाढलेल्या पिढीची अंतरावर गाढ श्रद्धा असते. न्यू जर्सीशी बोलताना आवाज आपोआप चढतो, कोथरूडशी बोलताना तितका चढत नाही. श्रद्धेला मान देऊन हिशेब करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई १५० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. न्यू यॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद. केबल अर्थात सरळ जात नाही. ती वर्सोव्याला समुद्रात शिरते, अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य करत युरोपात चढते आणि मग अटलांटिक ओलांडते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा दोनशेच्या वर जातो. तरी तो पाव सेकंदाच्या आसपासच घोटाळतो. (विलंब मोजून त्याची भरपाई करण्याची विद्या पुणे जिल्ह्याला नवी नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येकीचा संदेश काचेच्या तंतूतून आपापल्या वेळी येतो आणि ते उशीर जुळवून घेतल्याशिवाय आकाश दिसत नाही. तेथील लोक आकाशगंगांशी निवांत असतात, कारण आकाशगंगा मध्येच बोलत नाहीत.)

लक्षणांकडे वळू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही, आणि ४०० च्या पुढे तो जाईल अशी आखणीच करू नये. शिफारस करणाऱ्यांनी मराठी कुटुंबातले संभाषण विचारात घेतलेले दिसत नाही. आपल्याकडे समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे हे आपुलकी आटल्याचे लक्षण मानतात. त्यामुळे विलंब वाढला की पुढील क्रम घडतो. दोघे एकदम बोलतात. दोघे एकदम थांबतात. दोघे एकदम ‘बोल, बोल’ म्हणतात. पुन्हा थांबतात. मग दोघे एकदम ‘नाही, तू बोल’ म्हणतात. या फेऱ्यातून सुटकेचा एकच मार्ग आढळला आहे: आजी मागून येऊन ‘जेवलीस का गं?’ असे विचारतात. हा प्रश्न कितीही विलंबात चालतो, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे काहीच अवलंबून नसते.

हा फेरा रात्री नऊला घडतो आणि पहाटे पाचला घडत नाही. अमेरिका पहाटे जवळ सरकत नाही. सबब पूर्वपक्ष निरस्त.

पुढे जाण्याआधी एका खोट्या साक्षीदाराला बाजूला करणे भाग आहे. आयपीएलच्या दिवसांत समोरच्या विंगमधून ‘आउट!’ असा गलका उठतो तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असतो. हा विलंब तारेच्या माथी मारू नये. नेटवरून थेट सामना दाखवताना चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि मध्ये काही अडखळले तरी पडदा थांबू नये म्हणून असे थोडे तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतात. डिशवाल्या घरात चित्र त्यामानाने लवकर पोचते, आणि ते कुटुंब सोसायटीत भविष्यवेत्ते ठरते. शेजाऱ्याला निकाल आधी कळणे हा अन्याय आहे काय, याचा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेवर सोपवलेला बरा.

आता सिद्धान्त. विलंब वाटेत नसतो, वाटेच्या तोंडाशी असतो. घरातल्या राउटरच्या डब्यात आणि सोसायटीच्या जिन्याखालच्या नेटवाल्याच्या पेटीत, आलेली पॅकेट (माहितीची पुडकी) पुढे जाईपर्यंत उभी राहण्याची जागा असते. तिला बफर म्हणतात. मोठ्यातले मोठे नेहमीचे पॅकेट १,५०० बाइटचे. २००४ च्या धोरणाने ज्या २५६ केबीपीएसला सरकारी शिक्का मारून ‘ब्रॉडबँड’ म्हटले, त्या वेगाने असे एक पॅकेट बाहेर पडायला ४७ मिलिसेकंद लागत. आज शंभर एमबीपीएसवर ते मिलिसेकंदाच्या अष्टमांशात जाते. म्हणजे पॅकेटाला स्वतःला जायला वेळ लागतच नाही. त्याच्या पुढे किती जण उभे आहेत, त्याला लागतो.

समजा डब्यात २५६ किलोबाइटची जागा आहे. वर जाण्याचा वेग ५१२ केबीपीएस असेल तर भरलेली रांग संपायला ४ सेकंद लागतात. वेग २० एमबीपीएस असेल तर तीच रांग सुमारे १०० मिलिसेकंदांत संपते. डबा बनवणाऱ्याला गिऱ्हाईक कोणता प्लॅन घेणार हे ठाऊक नसते, मेमरी स्वस्त झालेली असते, आणि पॅकेट हरवले तर नाव आपले खराब होईल अशी त्याला धास्ती असते. म्हणून तो जागा ऐसपैस ठेवतो. गोम इथेच आहे, कारण इंटरनेटची सारी शिस्त पॅकेट हरवण्यावर आधारलेली आहे.

ही शिस्त कशी आली ते पाहण्यासाठी ऑक्टोबर १९८६ मध्ये जावे लागेल. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोहोंतले अंतर ४०० यार्ड. एवढ्या अंतरासाठी पुण्यात रिक्षावाला मान वळवूनही पाहत नाही. प्रत्येक यंत्र आपले पोचले नाही असे पाहून तेच पुन्हा पाठवत होते आणि गर्दीत गर्दीची भर घालत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय सभ्य माणसाचा आहे: पॅकेट हरवले की समजावे पुढे गर्दी आहे, आणि हात आखडता घ्यावा. आता मोठ्या बफरचे औदार्य पाहा. तो काहीही हरवू देत नाही. मग पाठवणाऱ्याला वाटते सारे आलबेल आहे, आणि तो आणखी पाठवतो. जिम गेटिस यांना २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरातून मोठ्या फायली पाठवताना विलंब सेकंदापलीकडे गेलेला दिसला; ‘आज नेट स्लो आहे’ ही तक्रार त्यांची मुलेही करीतच होती. या सुजलेल्या रांगेला बफरब्लोट हे नाव त्यांनी दिले. एवढा मोठा शोध घरगुती कटकटीतून लागला, हे प्रस्तुत विषयाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नमुना कुटुंबाकडे येऊ. रात्री नऊला सून घरी येते, फोन वाय-फाय पकडतो आणि गौरी-गणपतीतले सातशे फोटो वर चढवू लागतो. वर जाणारी वाट दहा एमबीपीएसची. पेटीत १ मेगाबाइटची जागा असेल तर रांग पाऊण सेकंदाहून मोठी. आजोबांना लेकीचे चित्र दिसायला अडचण नाही. पण त्यांचे ‘हं, हं’ वर जायचे असते, आणि ते मोदकांच्या चारशेव्या फोटोच्या मागे उभे राहते. शिवाय खाली येणाऱ्या बहुतेक गोष्टींची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोचही त्याच रांगेत. म्हणून आजींचे कीर्तनसुद्धा निरूपणाच्या ऐन जागी अडते. घरातला प्रत्येक जण नेटवाल्याला दोष देतो. सुनेचा फोन चार्जिंगला लावून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही.

नेटवाला येतो तो सकाळी अकराला. वाट रिकामी. तो आपला मोबाइल राउटरला टेकवून स्पीड टेस्ट घेतो. शंभर. ‘बघा काका, आपल्याकडून ओके आहे.’ तो खोटे बोलत नाही. एरवीच्या पहाटे लक्ष्मी रस्त्यावर टेप धरून रस्त्याची रुंदी अचूक सांगता येते. अनंत चतुर्दशीला तिथून अलका चौकात पोचायला किती वेळ लागेल ते त्या टेपवर लिहिलेले नसते.

आणि अनंत चतुर्दशी निघालीच आहे तर तिथे थोडे थांबणे भाग आहे, कारण एवढ्या आकाराचा रांगेचा प्रयोग पुण्यात दुसरा होत नाही. मंडईजवळून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे मानाचे पाच आधी. त्यांचा क्रम पक्का असल्याने त्यांना रांगेची चिंता नाही. त्यांच्या मागे इतर मंडळे. एका मंडळाचे पथक चौकात ठेका धरून रमले, की मागचे सगळे जागच्या जागी. मागच्यांकडे वेग असतो, इच्छा असते, ट्रॅक्टरही चालू असतो. पुढचा हलत नाही. ही तांत्रिक भाषेत रांगेच्या तोंडाशी झालेली कोंडी. कुमठेकर, केळकर, टिळक हे आणखी रस्ते मोकळे केले तरी ते सगळे येऊन मिळतात अलका टॉकीजच्या चौकातच. मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस-तीस तास चालते ती याच कारणाने. नेटवाला ‘प्लॅन वाढवा’ म्हणतो तेव्हा तो लक्ष्मी रस्ता रुंद करून देत असतो. अलका चौक त्याच्या अखत्यारीत नसतो.

नेटमधल्या अशा कोंडीवर जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये सुचवलेला मार्ग असा: सगळ्यांची एक रांग करूच नये. प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एकेका देवाणघेवाणीच्या पॅकेटांना, वेगळी रांग द्यावी आणि चौकात उभे राहून प्रत्येकीतून पाळीपाळीने एकेक सोडावा. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच जेकबसन यांनी त्याला जोड दिली: रांगेत किती उभे आहेत ते मोजू नका, प्रत्येक जण किती वेळ उभा आहे ते पाहा. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ च्या खाली आला नाही, तर एखादे पॅकेट टाकून द्या, म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा पोचेल. दोन्ही मिळून झालेली एफक्यू-कोडेल ही रीत जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. (एखाद्या मंडळाला टाकून देण्याची सूचना पुण्यात कोणत्याही बैठकीत मांडता येणार नाही. दृष्टान्त इथपर्यंतच चालतो.)

या रीतीतली सर्वांत हृद्य गोष्ट म्हणजे थोडक्यात काम असलेल्याला ती आधी सोडते. येथे काही अभ्यासक गर्दीतून वाट मिळणाऱ्या रुग्णवाहिकेचे उदाहरण देतील. ते चुकीचे आहे. रुग्णवाहिकेला वाट तिच्या महत्त्वामुळे मिळते, आणि राउटरला महत्त्व कळत नाही. अचूक उदाहरण घरगुती गणपतीचे: पाटावर मूर्ती घेतलेले चौघांचे कुटुंब दोन मंडळांच्या मधून पलीकडे जाते, घाटावर पोचते आणि मंडळाचा पुढचा ठेका सुरू होण्याआधी खिरापत वाटूनही मोकळे होते. आजोबांचे ‘हं, हं’ असे जाते. नातीच्या गेममधला गोळीबारही असाच जातो. सातशे फोटोंना कळतसुद्धा नाही.

घराबाहेरच्या रांगेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती आपल्या हातात नाही. तिचे शास्त्र डेन्मार्कच्या आग्नेर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ पासून कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत घडवले, आणि त्याचा पाया एकाच भरवशावर आहे: सगळे एकदम फोन करत नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ग्राहकांसाठी हा भरवसा एकास पन्नास असा बांधला आहे. शंभर एमबीपीएसच्या पन्नास घरांनी खरोखर एकाच क्षणी शंभर मागितले तर प्रत्येकी दोन येतात. योगायोग असा, की जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या सुधारली ती नेमकी २ एमबीपीएस. तसेच महिन्याचा कोटा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये असे ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये बजावले. म्हणजे २०१६ ची शिक्षा २००४ च्या सुखाच्या दुप्पट भरते. या आकड्यांवर कोणाला पीएचडी करायची असल्यास आमची हरकत नाही.

राहिला दिवाणी प्रश्न. ‘प्रत्येकाला सारखे’ म्हटले की प्रत्येक म्हणजे कोण? नेगल यांच्या वारसदार राउटरला माणूस दिसत नाही, प्रवाह दिसतो. मुलगा फाइल उतरवताना एकाच वेळी तीस कनेक्शने, म्हणजे तीस प्रवाह, उघडणारे सॉफ्टवेअर वापरतो. त्याला तीस वाटे पडतात, आजींना एक. ही एकाच आळीत तीस मंडळे नोंदवून तीस वर्गण्या गोळा करण्याची युक्ती झाली. ब्रिटनच्या बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये नेमका हाच मुद्दा धरून, प्रवाहांची समानता म्हणजे न्याय नव्हे असे सडेतोड लिहिले. प्रवाहांऐवजी उपकरणे मोजली तर? मुलाकडे लॅपटॉप, फोन आणि घड्याळ. आजोबांकडे एक टॅब्लेट, तोही मुलाचा जुना. टीव्ही कोणाच्या नावावर लावायचा यावर एकमत अशक्य.

या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यात फार पूर्वी देऊन झाले आहे, ही गोष्ट नेटच्या वाङ्मयात कोणी नोंदवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात नायगावला गेले आणि तिथून पाणीपंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम: पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नाही, माणशी ठरतो. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली म्हणून पाणी विकले जात नाही. आणि ऊस लावायचा नाही.

याची अंमलबजावणी धायरीच्या फ्लॅटमध्ये केली तर वाटा उपकरणाला मिळणार नाही, डोक्याला मिळेल. ज्याच्याकडे उपकरणच नाही, म्हणजे आजी (त्या टीव्हीवर ऐकतात), त्यांचाही हक्क शाबूत राहील. ऊस कशाला म्हणायचे यावर मात्र घरात दोन तट आहेत. सुनेच्या मते मुलाचे फोर-के सामने म्हणजे ऊस. मुलाच्या मते फोटो. नातीच्या मते दोन्ही, आणि गेम म्हणजे बाजरी, कारण त्याला पाणी फार थोडे लागते, फक्त वेळेवर लागते. शास्त्राचा कौल नातीच्या बाजूने आहे हे नाइलाजाने नमूद करावे लागते.

उपाय ज्ञात आहे आणि अडचण त्यातच आहे. रांग नेटवाल्याच्या पेटीत न होऊ देता आपल्या डब्यात होऊ द्यायची, कारण आपले नियम आपल्याच डब्यात चालतात. त्यासाठी डब्याला बजावावे लागते, की बाहेर शंभर मिळत असले तरी तू नव्वदच घे, आणि वर दहाऐवजी नऊच सोड. ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर हे काम काही मिनिटांचे आहे. अडचण तांत्रिक नाही. पैसे शंभराचे भरल्यावर नव्वद घ्या असे पुणेकराला सांगणारे सॉफ्टवेअर अजून निघालेले नाही. आजोबांनी दोन प्रश्न विचारले: उरलेले दहा कुठे जातात, आणि ते नेटवाला दुसऱ्याला विकतो का? समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ठराव फेटाळला गेला.

मे महिन्याच्या सुट्टीत नातीने तो गुपचूप अमलात आणला. ‘बोल, बोल’ बंद झाले. आजोबांच्या मते न्यू जर्सीतले नेट सुधारले. आजींनी काही मत दिले नाही. कीर्तन मात्र उत्तररंगापर्यंत पोचू लागले. मुलाने एकदा सहज स्पीड टेस्ट घेतली, नव्वद पाहिले आणि तक्रार नोंदवली. नेटवाला अकरा वाजता आला, मोबाइल टेकवला, नव्वदच आले. त्याने वायर बदलली. नव्वद. पेटी उघडून पिना काढून पुन्हा लावल्या. नव्वद. शेवटी कपाळावरचा घाम पुसत त्याने दीडशेचा प्लॅन सुचवला, पहिला महिना जुन्याच पैशांत देतो म्हणाला, आणि आजोबांनी लगेच होकार दिला. संध्याकाळी नातीने आकडा बदलून एकशे पस्तीस केला.